शेवटच्या नळाची ओंजळ

आमच्या गल्लीत पाणी यायच्या आधी त्याची वर्दी यायची. टण्, टण्, टण्. व्हॉल्व्हच्या झाकणावर लोखंडी चावी तीनदा आपटली जायची आणि बावीस घरांत एकदम पळापळ सुरू व्हायची. ड्रम, टाक्या, हंडे, बादल्या, आणि आमच्या सासूबाईंच्या बाबतीत फुलपात्रं आणि वाट्यासुद्धा. आमच्या शहराचं नाव बदललं, बसस्थानकावरच्या पाट्या बदलल्या. पाण्याची पाळी मात्र आठवड्याची ती आठवड्याचीच राहिली. लग्नाची तारीख काढताना भटजींच्या आधी लाइनमनला विचारणारी घरं मला ठाऊक आहेत. त्यातलं एक आमचंच.

आमचे लाइनमन म्हणजे भानुदास साळवे. गल्लीचे साळवेमामा. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक औरंगपुऱ्यामागच्या आमच्या लाइनीवर. अंगानं शिडशिडीत, उंची बेताची, खाकी शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. खिशात दोन पेनं. एक चालायचं, एक नाही. न चालणारं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"साहेबानं मागितलं तर द्यायला," मामा म्हणाले. "चालणारं पेन परत येत नाय, बाई."

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणायचे. भूगोलावरून ते माझी फिरकीही घ्यायचे. शहराला पाणी कुठून येतं ते मी पुस्तकातून शिकवायची. ते म्हणायचे, "कुठून येतं ते सोपं हाय बाई. कुठवर जातं ते शिकवा."

हा त्यांचा खरा विषय. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह, आणि तिथून उताराला, मग पुन्हा थोड्या चढाला, अशी बावीस घरं. सगळ्यात शेवटचं घर आमचं. तोंडाशी असलेल्यांच्या टाक्या भरून वाहायच्या तरी आमचा नळ नुसता सुस्कारे टाकत बसायचा. मामांच्या आधीचे लाइनमन व्हॉल्व्ह सोडायचे आणि निघून जायचे. मामा व्हॉल्व्ह सोडायचे, चावी खांद्यावर टाकायचे आणि गल्लीच्या शेवटापर्यंत चालत यायचे. आमच्या अंगणातल्या नळाशी उकिडवे बसायचे. पाणी आलं की ओंजळ लावून एक ओंजळ प्यायचे. मगच दुसऱ्या लाइनीकडे जायचे. एकदाही चुकले नाहीत.

"शेवटच्या घरी पोचलं का?" हे त्यांचं वाक्य. ते फक्त पाण्याला लागू नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं ते नेमकं आमच्या पाण्याच्या दिवशी. म्हणजे ठरवलं होतं बरोबर, पाळीच एक दिवस सरकली. मुलीचा बाप सकाळी सहाला नवा फेटा बांधून आमच्या व्हॉल्व्हवर हजर. पाणी सोडलं, आमच्या नळाची ओंजळ घेतली, आणि मग मांडवात जाऊन उभे राहिले. दुपारी पंगती सुरू झाल्या तर व्याह्यांशी बोलायचं सोडून वाढप्यांच्या मागे फिरताहेत, "शेवटच्या पंगतीला जिलबी पोचली का?" पोचली नव्हती. मामांनी स्वतः परात उचलली.

गल्लीच्या तोंडाशी एक बंगला आहे. बंगलेवाल्यांनी थेट लाइनीला मोटार लावली. ती सुरू झाली की खालच्या वीस घरांचं पाणी बंद. मोठी माणसं, त्यांना बोलणार कोण? मामांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. पाण्याच्या दिवशी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसले. घरमालकांनी विचारलं, काय काम? मामा म्हणाले, "काय नाय साहेब, मोटार बंद होईस्तोवर चहा घ्यावा म्हणलं." मोठ्या माणसांना चहाला नाही म्हणता येत नाही. एक कप झाला, दोन झाले. मामा प्रत्येक कपानंतर मोटारीची तब्येत विचारत होते. पाचव्या कपाला मोटार बंद झाली आणि पुन्हा कधी लागली नाही. आठवडाभर आपल्याला झोप नव्हती, असं मामा नंतर सांगायचे, आणि त्याचा दोष चहाला द्यायचे.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगायची, ती सांगायला मला जड जातं. पण ती गाळली तर साळवेमामा कळणार नाहीत.

मी लग्न होऊन आले तेव्हा खिडकीच्या गजाशी एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला असायचा. घरातल्या पेल्यांपेक्षा वेगळा, काठाला चेमटलेला. मामा नवे नवे लाइनीवर आले होते. उन्हाचे दिवस. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, त्या पेल्यात, वरून ओतून. आमच्या सासूबाई गंगापूरकडच्या देशमुखांच्या लेक. मायाळू आहेत, पण काही गोष्टी त्यांच्या अंगात न विचारताच मुरलेल्या होत्या. मामांचं गावही गंगापूर तालुक्यातलंच, त्यांच्या माहेराहून दोन-तीन कोसांवर. मामांनी पेल्याकडे पाहिलं आणि तो हळूच ओट्यावर ठेवला.

"काकू, माझ्या आज्याला विहिरीवर जाऊ देत नव्हते," ते म्हणाले. "आजा खाली उभा राहायचा, वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचा. मीबी ओंजळच लावतो. पण नळाला."

आणि नळाशी बसून त्यांनी ओंजळ लावली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सासूबाईंना उत्तर देता आलं असतं. त्या आत गेल्या. पेला दोन दिवसांनी खिडकीतून गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी त्यात कोथिंबिरीच्या काड्या ठेवल्या. त्या दोघांत त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मामा दर पाळीला यायचे, नळाशी बसायचे, ओंजळ प्यायचे. सासूबाई दारात उभ्या राहायच्या. "आलं का साळवे?" "आलं काकू." एवढंच.

आता त्या चावीबद्दल. छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. खोबण व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायचं. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठा. त्याचं डोकं झिजून गोल झालेलं. ऑफिसच्या चाव्या त्याच्यावरून घसरायच्या. मामांनी शहागंजातल्या एका लोहाराकडून त्याच्या मापाची वेगळी चावी करून घेतली होती. एकदा ते आजारी पडले, बदली माणूस आला, त्याची चावी घसरली, त्यानं हातोडा घेतला. पुढचे वीस दिवस आम्ही टँकरवर काढले. तेव्हापासून मामा ती चावी कुणाला देत नसत. घरी असले की ती खाटेखाली, बाहेर असले की खांद्यावर. कांतामामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांचं पहिलं लगीन तिच्यासंगं लागलंय."

दुसरं हत्यार म्हणजे त्यांचा कान. रस्त्यावर सळई टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि डोळे मिटून उभं राहायचं. "इथं पाइप रडायलाय," म्हणायचे, आणि तिथे खणलं की गळती सापडायचीच. ही विद्या त्यांना उस्मानचाचांनी दिली. उस्मानचाचा म्हातारे मिस्त्री, आमच्या शहराखालून जी चारशे वर्षांची नहर जाते तिच्या डागडुजीत जन्म गेलेले. एक पंप नाही, एक मोटार नाही, नुसत्या उताराच्या हिशेबावर डोंगरातलं पाणी शहरात आणणारी नहर. तरुण साळव्यांना त्यांनी त्या बोगद्यांतून रांगत फिरवलं होतं. तिथे अंधारात बसून चाचांनी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती मामांनी जपून ठेवली होती. जंजिरा म्हणून एक किल्ला आहे, चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि मधोमध गोड्या पाण्याचं तळं. "बेटा, जिसने वो पानी ढूँढा, वो अपने ही काम का आदमी था. एक बार पी के आ."

चाचा गेले. मामांना नोकरीत तशी सवड कधी झाली नाही, कारण सवड काढायची तर मध्ये पाण्याचा दिवस यायचा.

मामांच्या निवृत्तीला एक महिना उरला तेव्हा गल्लीची बैठक बसली. शाल, श्रीफळ, सत्कार, असं ठरत होतं. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा तरी. विचारलं.

"शाल घरात चार हायेत," मामा म्हणाले. "द्यायचंच असलं तर मला ते तळं दावा. एक ओंजळ घेतो अन् येतो. चाचाला शब्द दिलाय."

मग काय! दिवाळीची सुट्टी होती. रशीदभाईंची मिनी बस ठरवली. पाण्याची पाळी गुरुवारी, सहल शुक्रवारी संध्याकाळी निघणार, शनिवार मुरुडला, रविवारी सकाळी परत. भूगोलाची बाई म्हणून सगळी आखणी माझी, आणि तिचा मला फार अभिमान होता. गुरुवारी पंपाची वीज गेली. पाणी आलं नाही. आता रविवारी दुपारी सोडू, असा ऑफिसचा निरोप. मामा म्हणाले, सहल रद्द करा. सगळी गल्ली त्यांच्यावर तुटून पडली. रविवारी सकाळी तर आपण परत येतोय! मामांनी मान हलवली, पण बसमध्ये चढताना खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली चावी होतीच.

"मामू, समंदर को खोलना है क्या?" रशीदभाई म्हणाले.

"राहू दे भाई. जवळ असली की झोप लागते."

मामी आली नाही. तिला गाडी लागते. शिवाय सासूबाई आणि गल्लीतली सगळी म्हातारी माणसं घरीच होती. कुणीतरी त्यांच्याकडे बघायला हवं, असं तिचं म्हणणं.

मुरुडला उतरलो तेव्हा पाऊस असा होता की भूगोलाच्या पुस्तकाला लाज वाटावी. दिवाळी उलटलेली, पावसाचं काही काम नव्हतं, पण समुद्रात कुठेतरी वादळ उठलं होतं आणि त्याची शेपटी किनाऱ्यावर आपटत होती. माडांच्या झावळ्या रस्त्यावर पडलेल्या. राजपुरीच्या धक्क्यावर होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या, धोक्याचा बावटा वर चढवलेला. किल्ला? समोर एक करडा पडदा, त्यापलीकडे काही नाही. कुठे आहे तो किल्ला, असं प्रत्येकानं एकेकदा मला विचारलं, जणू मीच तो लपवला होता.

धक्क्याजवळच्या खाणावळीत आम्ही अठरा माणसं ओल्या कपड्यांनी बसून राहिलो. मामा दारात उभे. समुद्राकडे बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी, अन् एक व्हॉल्व्ह नाय." मग आत जाऊन खाणावळवाल्या बाईंना, तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं, वरच्या आळीला चढतं का, हे विचारत बसले. बाईंनी त्यांना न मागता सुरमईचा दुसरा तुकडा वाढला. अकरा वाजले, बारा वाजले. आखणी माझी होती, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चारशे किलोमीटरवरून माणसाला आणलं ते पावसाचा पडदा दाखवायला! मामांच्या लक्षात आलं असावं.

"बाई, पाणी टायमावर येत नाय, हे मला शिकवू नका," ते म्हणाले.

दोनच्या सुमाराला वारा पडला. पाऊस थांबला. एक म्हातारा नाखवा खाणावळीत डोकावला. "एकच फेरी. तासाभरात परत यायचं. वारा पुन्हा उठंल." आमची पोरं-बाळं ओरडत धक्क्याकडे धावली. "दिसला, दिसला!" मी मामांना शोधायला वळले, तर ते खाणावळीच्या मागच्या भिंतीशी फोन कानाला लावून उभे.

पंपावरचा माणूस बोलत होता. वीज लवकर आली होती. आमच्या लाइनीला आत्ता पाणी दिलं होतं. दोन तास. मग ते पुढच्या भागाला वळवणार, आणि आमची पाळी गेली ती पुढच्या आठवड्यावर. व्हॉल्व्ह कोण सोडतंय?

मामांनी बसकडे पाहिलं. चावी सीटखाली होती. आयुष्यभर जी चावी कुणी पळवू नये म्हणून जवळ बाळगली, ती चारशे किलोमीटर दूर आणून ठेवली होती. गल्लीला पाणी नसल्याचा तो नववा दिवस. सकाळीच सासूबाईंनी मला फोन करून ड्रमाचा तळ दिसल्याचं कळवलं होतं.

"दुसरा लाइनमन पाठवतील की," मी म्हटलं.

"त्याची चावी घसरंल. मग तो हातोडा घेईल."

"मग होडीत बसा, तिथून फोन करा."

"मधे रेंज जाते," बोलवायला आलेल्या नाखव्यानं सांगितलं.

मामा नाखव्याला म्हणाले, "तुम्ही न्या ह्यांना." मी थांबते म्हटल्यावर माझ्यावरच डाफरले, "दोघं थांबल्यानं पाणी दुप्पट येतं का? जावा तुम्ही. तळं नीट बघा अन् मला सांगा." आणि त्यांनी फोन लावला.

"कांते, गल्लीत जा. शेजारच्या पंप दुरुस्तीवाल्याकडून मोठा पाइप पाना घे. हातोडा दिला तर घेऊ नको... व्हय. झाकण काढ. खाली पोतं टाक अन् पालथी पड. हात पोचतो का?... पाना डोक्यावर बसव. घट्ट. आता डावीकडं. लई हळू. अगं हळू! फुटली लाइन तर महिनाभर बसावं लागंल."

चावीनं एक फेरा सहज होतो. पान्यानं एका फेऱ्याला चार पकडी घ्याव्या लागतात, आणि आमचा व्हॉल्व्ह पुरा उघडायला अठरा फेरे. मामी भर दुपारी रस्त्यावर पालथी पडून ते करत होती. "चार झाले? थांब. फोन पाइपाला लाव." मामांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. मागे समुद्र गरजत होता, पोरं ओरडत होती, नाखवा हाका मारत होता. मामांनी समुद्राकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटले. चारशे किलोमीटरवरच्या आमच्या गल्लीतला पाइप ते ऐकत होते. "हवा निघायलीय. निघू दे. घाई करू नको... हां. आता पाचवा."

मी होडीत बसले. शीड भरलं. धक्का मागे सरकू लागला तसा मामांचा आवाज तुटत गेला, पण ते दिसत होते. ओला खाकी शर्ट, किल्ल्याकडे पाठ, डाव्या हातात फोन, आणि उजवा हात हवेत फिरतोय. थोडा फिरायचा, थांबायचा, पुन्हा पकड घ्यायचा, पुन्हा फिरायचा. हातात काही नव्हतं. धक्क्यावरचे लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला नाही. मला वाटलं, ओरडून सांगावं, अहो, हा आमचा माणूस आहे! असा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा कधी वाटलेला नाही.

किल्ल्याचा दरवाजा, बुरूज, तोफा, सगळं मी पाहिलं असणार. आठवतं ते तळं. काळ्या दगडात बांधलेलं, पायऱ्यांवर शेवाळ, आणि तटापलीकडे खारा समुद्र धडका देतोय. मी पायऱ्या जपून उतरले आणि एक बाटली भरून घेतली. वर आले तर फोन वाजला. बुरुजाजवळ रेंज होती. सासूबाई.

"अगं, आलं! आपल्या नळाला आलं!"

"मामींनी सोडलं?"

"तिनंच. हात सोलून निघालेत बाईचे. मी हळद लावून दिली. आता माझ्याशेजारीच बसलीय ती ओट्यावर. तिनं साळव्यांना विचारलं, झालं का काम? तर ते म्हणे, काकूंना फोन दे. मी घेतला. म्हणाले, काकू, आज माझी ओंजळ राहिली. माझ्या वाटची तुम्ही प्या."

"मग?"

"मग काय. बसले नळाशी." सासूबाईंचे गुडघे कधीच वाकत नाहीत. देवापुढेसुद्धा त्या खुर्चीवर बसतात. "मांडी घालता येईना, कांतानं धरलं. लावली ओंजळ. प्याले." मग म्हणाल्या, "गार होतं गं."

परत धक्क्याला लागलो तोवर वारा उठला होता आणि पावसाची सर सुरू झाली होती. मामा खाणावळीच्या बाकावर बसले होते, घसा पार बसलेला. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, झाकण काढून वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

"गोड हाय," ते म्हणाले. मग बाटली बंद करून शर्टाच्या आत ठेवली. "पण हे प्यायचं नाय बाई. शेवाळ हाय."

ती बाटली अजून त्यांच्याकडे आहे. निवृत्त होऊन ते गंगापूरकडे गावी राहायला गेले, तिथल्या घरात फोटोंच्या रांगेत ती ठेवली आहे, असं मामी सांगते. आमच्या लाइनीवर आता नवा माणूस आहे. मामांनी जाताना ती चावी त्याला दिली, आणि आमच्या नळापर्यंत चालत आणून, कुठे बसायचं तेही दाखवलं. चांगला आहे. बसतो.

पण मला मामा दिसतात ते त्या दिवशीच्या परतीच्या बसमध्ये. मुरुड सोडताना रस्ता एका वळणावर उंच जातो. रशीदभाई ओरडले, "किला देख लो, आखरी बार!" सगळे खिडक्यांकडे झुकले. मामाही उठले, आणि माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "बाई, कुठल्या बाजूला हाय तो?"

मला आधी कळलंच नाही. सकाळी पावसात किल्ला दिसला नव्हता. दुपारी तो उघडा पडला तेव्हा सगळा वेळ मामांची त्याच्याकडे पाठ होती, आणि फोन ठेवून ते खाणावळीत टेकेपर्यंत सर आली होती. ज्यासाठी आलो तो किल्ला त्यांनी पाहिलाच नव्हता.

"मामा, एकदा तरी वळून बघायचं होतं!"

"कान तिकडं होता ना बाई."

मी बोट दाखवलं. बाहेर पुन्हा तोच करडा पडदा. काचेवरून पाणी ओघळत होतं. मामांनी बाहीनं काच पुसली आणि थोडा वेळ बघत राहिले. मग जागेवर बसले, गोणपाटातली चावी सीटखालून काढून मांडीवर आडवी घेतली.

"असू द्या," ते म्हणाले. "शेवटच्या घरी पोचलं."

वळण संपायच्या आत त्यांना झोप लागली होती.